फियाट ५०० : एका मोटारीचे दोन जन्म

४ जुलै २००७. उत्तर इटलीतील तुरिन शहरात, पो नदीच्या काठी, रोषणाईने आणि संगीताने सजलेला एक भव्य सोहळा पार पडला. हा सगळा थाट होता अवघ्या साडेतीन मीटर लांबीच्या एका मोटारीसाठी. मोटार नवी होती. परंतु तिचे नाव, तिचा चेहरा आणि तिच्या अनावरणाची तारीख या तिन्ही गोष्टी जुन्या होत्या. बरोबर ५० वर्षांपूर्वी, ४ जुलै १९५७ रोजी, याच शहरात याच नावाची मोटार प्रथम लोकांसमोर आली होती.

मित्रहो, आजचा धागा या दोन जन्मांविषयी आहे. विषय मोटारीचा असला तरी मला पडलेला प्रश्न इतिहासाचा आहे. भूतकाळ दुकानात विकत मिळू लागतो, तेव्हा ग्राहकाच्या हाती नेमके काय पडते? आणि जे पडत नाही, ते कुठे जाते?

आरंभीच एक खुलासा करतो. महाराष्ट्रात ‘फियाट’ म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी. ती ही नव्हे. मात्र दोघींचे माहेर एक आणि जनकही एक. १९५३ साली आलेली फियाट ११००, जिच्या वंशात पुढे आपली पद्मिनी जन्मली, आणि १९५७ ची फियाट ५००, या दोन्ही मोटारी दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखालून गेलेल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवर ज्याची कलाकृती एवढी वर्षे धावली, त्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल?

जाकोसा १९०५ साली जन्मला आणि विशीतच फियाटमध्ये रुजू झाला. तिशीच्या उंबरठ्यावर त्याने एक चिमुकली मोटार घडवली. १९३६ साली आलेल्या या पहिल्या ५०० चे इंजिन ५६९ घनसेंटीमीटरचे होते. लोकांनी तिला टोपोलिनो म्हटले. शब्दाचा अर्थ छोटा उंदीर. इटलीत मिकी माऊसलाही हेच नाव आहे. (१९५० च्या दशकाच्या आरंभी प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या ज्या मोटारींची जोडणी सुरू केली, त्यांत ही ५०० देखील होती.) मुसोलिनीच्या काळातील ही मोटार ‘सर्वसामान्यांची’ म्हणून मिरवली गेली. प्रत्यक्षात ती मध्यमवर्गाच्या पलीकडे फारशी पोहोचली नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. इटालियनमध्ये ५०० ला ‘चिंक्वेचेंतो’ म्हणतात. कलेच्या इतिहासात हाच शब्द सोळाव्या शतकासाठी, म्हणजे मायकेलअँजेलो आणि टिशियन यांच्या काळासाठी वापरतात. ग्रंथालयाच्या सूचीत या शब्दाचा शोध घेतला की प्रबोधनकाळातील चित्रे आणि मोटारींची छायाचित्रे शेजारी शेजारी अवतरतात. या धाग्याची कल्पना मला तिथेच सुचली, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

आता १९५० च्या दशकातील इटलीकडे वळू. युद्धात हरलेला, बाँबवर्षावाने खिळखिळा झालेला हा देश एका पिढीच्या आत युरोपातील आघाडीचा औद्योगिक देश बनला. इटालियन इतिहासकार या कालखंडाला ‘आर्थिक चमत्कार’ म्हणतात. त्या चमत्काराचे पहिले वाहन दुचाकी होते. १९४६ साली व्हेस्पा आली, १९४७ साली लॅम्ब्रेटा आली आणि कुटुंबेच्या कुटुंबे स्कूटरवर स्वार झाली. वडील हँडलवर, पुढे उभे लेकरू, मागे आई आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल. हे दृश्य आपल्याला सांगायला नको. या दृश्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

या स्कूटरस्वार कुटुंबाला छपराखाली आणणे हा फियाटचा धंद्याचा डाव होता. १९५५ साली फियाट ६०० आली. किंमत ५ लाख ९० हजार लिरा, चार जणांची जागा, इंजिन मागे. ती तुफान चालली. परंतु स्कूटर आणि ६०० यांच्यामधली दरी अजून रुंद होती. ती भरून काढण्यासाठी जाकोसाने नवी ५०० आखली.

तिचे आकडे आज वाचले तरी नवल वाटते. लांबी २.९७ मीटर, रुंदी १.३२ मीटर, वजन अर्ध्या टनाहूनही कमी. मागच्या बाजूला हवेने थंड होणारे दोन सिलिंडरांचे ४७९ घनसेंटीमीटरचे इंजिन. शक्ती १३ अश्वशक्ती, वेग ताशी ८५ किलोमीटरच्या घरात. छत कापडी आणि गुंडाळता येण्याजोगे. त्यामुळे पोलाद वाचे, शिवाय दोन सिलिंडरांचा गडगडाट मोटारीत कोंडून राहत नसे. आज ज्याला आपण हौसेने ‘सनरूफ’ म्हणतो आणि ज्यासाठी जादा पैसे मोजतो, ते या मोटारीत काटकसर म्हणून आले होते.

आणि मग ती पडली.

ही गोष्ट सोहळ्यांतून सांगितली जात नाही, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. १९५७ च्या उन्हाळ्यात इटालियन ग्राहकाने ही मोटार पाहिली आणि नाक मुरडले. दारांच्या काचा खाली होत नव्हत्या. मागे आसन नव्हते. सामान टाकण्याजोगे एक बाकडे तेवढे होते. चकाकी म्हणून कुठे नव्हती. किंमत होती ४ लाख ९० हजार लिरा, म्हणजे कारखान्यातील साध्या कामगाराचे साधारण वर्षभराचे वेतन. आणखी १ लाख लिरा टाकले की चार माणसांची, खरीखुरी मोटार वाटणारी ६०० मिळत होती. ज्याच्यासाठी ५०० घडवली, तो माणूस गरीब होता. परंतु गरीब दिसण्यासाठी वर्षाचा पगार मोजण्याची त्याची तयारी नव्हती. कंपनीने त्याचा खिसा अचूक मोजला होता, स्वाभिमान मोजायचा राहून गेला.

फियाटने चूक ओळखली आणि, हे विशेष, काही महिन्यांतच सुधारली. त्याच वर्षी मोटारीचे दोन प्रकार केले. साधा प्रकार स्वस्त केला. दुसऱ्यात खाली होणाऱ्या काचा, गादीचे मागील आसन, थोडी जास्त शक्ती आणि थोडी चकाकी दिली. आधी घेतलेल्या ग्राहकांना २५ हजार लिरा परत केले. १९५९ साली जाकोसाला या मोटारीसाठी ‘कोम्पास्सो दोरो’ हा इटलीचा मानाचा अभिकल्प-पुरस्कार मिळाला. १९६० साली ४९९ घनसेंटीमीटरचे इंजिन आले आणि त्यानंतर तिने मागे वळून पाहिले नाही. १९७५ पर्यंत ३८ लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या.

ती विकत कशी घेतली जाई, हेही पाहण्यासारखे आहे. रोख मोजणारे थोडे. बहुतेक व्यवहार हप्त्यांवर, आणि हप्ता म्हणजे ‘काम्बियाले’, आपल्या हुंडीचाच भाऊबंद. दर महिन्याची एक, अशा हुंड्यांच्या चळतीवर कुटुंबप्रमुख सह्या करी. एखादी वटली नाही तर प्रकरण चारचौघांत जाई. न वटलेल्या हुंड्यांची अधिकृत यादी छापली जाई आणि त्या यादीत नाव येणे म्हणजे पत गेली. रविवारी समुद्रावर निघालेल्या आनंदी कुटुंबाचे ते छायाचित्र आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. त्या छायाचित्राच्या चौकटीबाहेर, घरातल्या कपाटात, ही चळतही होती.

चालवणे हे तर एक कसबच होते. किल्ली फिरवून इंजिन सुरू होत नसे. दोन आसनांच्या मधोमध, जमिनीलगत दोन छोट्या दांड्या होत्या. एक चोकची, दुसरी स्टार्टरची. किल्ली फिरवायची, मग हात खाली नेऊन दांडी ओढायची. गिअर बदलताना तर खरी परीक्षा. आजच्या गिअरपेट्यांत वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या चाकांची गती आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा असते. या मोटारीत ती नव्हती. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडून इंजिनाला किंचित हुंकार द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मगच गिअर बसवायचा. इटालियन लोक याला ‘दोप्पिएत्ता’ म्हणतात. चुकले की चाकांचा करकराट साऱ्या गल्लीला ऐकू जाई. पेट्रोलचा काटा बहुतेक प्रकारांत नव्हताच. टाकी रिकामी होत आली की एक दिवा लागे. ती टाकी पुढच्या झाकणाखाली, म्हणजे जवळजवळ चालकाच्या गुडघ्यांपाशी होती. १९६५ पर्यंत दारेही उलट उघडत, बिजागऱ्या मागच्या बाजूला. आजच्या कोणत्याही सुरक्षा चाचणीत हिचे काय झाले असते, याची कल्पना न केलेली बरी.

तरीही ती शहराला अशी बसली की जणू शहरच तिच्या मापाने बेतले होते. जुन्या इटालियन शहरांचे गल्लीबोळ मध्ययुगातील. तिथे मोठी मोटार शिरली तर परत येणे मुश्कील. ५०० कुठेही शिरे, कुठेही वळे, भिंतीला खेटून उभी राही आणि लिटरला वीसहून अधिक किलोमीटर जाई. शहराबाहेर मिलान ते नेपल्स असा ‘आउतोस्त्रादा देल सोले’, म्हणजे सूर्याचा महामार्ग, १९५६ ते १९६४ या काळात बांधला गेला. त्यावरून सुट्टीला निघालेल्या आणि टपावर सामानाचा डोंगर बांधलेल्या या चिमण्या मोटारींनी एका अख्ख्या पिढीला स्वतःचाच देश दाखवला.

इथवरची गोष्ट गोड आहे आणि बहुतांश खरीही आहे. आता तिची दुसरी बाजू.

ही मोटार घडवणारे हात कुणाचे होते? तुरिनची लोकसंख्या १९५१ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २० हजार होती; १९७१ मध्ये ती सुमारे ११ लाख ७० हजार झाली. ही भर मुख्यतः स्थलांतरितांची, आणि त्यांत मोठा वाटा दक्षिण इटलीतून, म्हणजे सिसिली, कालाब्रिया, पुलिया या भागांतून आलेल्यांचा. गिरणगावाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. गावाकडून आलेला पुरुष, पाळ्यांत झोपायची खाट, महिन्याअखेरीस घरी धाडायची मनीऑर्डर. फरक इतकाच की तुरिनमध्ये घर भाड्याने देताना ‘दक्षिणेकडील लोकांना जागा दिली जाणार नाही’ अशा पाट्या लागत. एकाच देशाचे नागरिक, एकाच धर्माचे, कागदोपत्री एकाच भाषेचे. तरीही या पाट्या लागत.

मिराफिओरीच्या प्रचंड कारखान्यात शिस्त कडक होती. कामगार भरती करताना त्याची राजकीय मते, त्याची संघटना, त्याचे खाजगी वर्तन यांची गुप्त नोंद ठेवली जाई. १९७० साली एका न्यायालयीन प्रकरणातून या नोंदी उघडकीस आल्या, तेव्हा त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या घरात निघाली. त्याआधीच, १९६९ सालच्या शरद ऋतूत, कामगारांचा असंतोष उफाळून आला होता. इटलीच्या इतिहासात तो ‘तप्त शरद’ म्हणून ओळखला जातो. मोटारीच्या बाह्यरेषेत यातले काहीच दिसत नाही. दिसावे अशी अपेक्षाही चुकीची; वस्तू आपली साक्ष देत नाहीत, ती आपण त्यांच्याकडून काढून घ्यायची असते.

१९७२ साली ५०० ची वारसदार म्हणून फियाट १२६ आली आणि ऑगस्ट १९७५ मध्ये शेवटची ५०० बाहेर पडली. ती तुरिनमध्ये नव्हे, सिसिलीतील तेर्मिनी इमेरेसे येथील कारखान्यात. दक्षिणेची माणसे उत्तरेकडे नेण्याऐवजी कारखानाच दक्षिणेकडे न्यावा, या धोरणातून १९७० साली तो उभा राहिला होता. हे गाव लक्षात ठेवा.

१२६ चे पुढे काय झाले? इटलीत तिला ५०० चे भाग्य लाभले नाही, पण पोलंडमध्ये तिचा दुसरा संसार थाटला गेला. १९७३ पासून समाजवादी पोलंडमध्ये परवान्याखाली तिचे उत्पादन सुरू झाले, आधी बिएल्स्को-बियावा येथे आणि नंतर तिखी येथे. पोलिश लोक तिला लाडाने ‘मालुख’, म्हणजे पिटुकली, म्हणत. मागे इंजिन, दोन सिलिंडर, हवेने थंड होणारी. जाकोसाची मूळ कल्पना तिथे २००० सालापर्यंत जिवंत राहिली. तिखी हे नावही लक्षात ठेवा.

आता थोडे जपानकडे. जुन्या रूपाच्या नव्या मोटारींची लाट युरोपात सुरू झाली असे अनेकांना वाटते. तिची खरी सुरुवात निस्सानने केली. १९८७ साली ‘बी-१’, १९८९ साली ‘पाओ’ आणि १९९१ साली ‘फिगारो’. फिगारोच्या ८ हजार मोटारी काढायचे ठरले होते; मागणी एवढी आली की संख्या २० हजारांवर न्यावी लागली आणि तरीही सोडत काढून ग्राहक निवडावे लागले. आतून ती साधी निस्सान मायक्रा होती. माझ्या मते फिगारो ही या साऱ्या प्रकरणातील सर्वात प्रामाणिक मोटार आहे, कारण ती कोणत्याही एका जुन्या मोटारीची नक्कल नाही. ती जो काळ आठवते, तो तसा कधी नव्हताच. आठवण नसतानाही हुरहुर विकता येते, हे निस्सानने सिद्ध केले आणि बाकीच्यांनी टिपून घेतले. १९९० च्या दशकाअखेर फोक्सवॅगनची नवी बीटल आली, २००१ साली बी.एम.डब्ल्यू.ने नवी मिनी आणली.

फियाटला मात्र ही हुरहुर चैन म्हणून नव्हे, औषध म्हणून हवी होती. २००२ साली कंपनी गंभीर संकटात होती. जानेवारी २००३ मध्ये जान्नी आन्येल्ली गेले, मे २००४ मध्ये त्यांचे बंधू उम्बेर्तो गेले. जूनमध्ये सेर्जिओ मार्किओने यांच्याकडे सूत्रे आली. फियाट विकत घेण्याच्या करारातून सुटका व्हावी म्हणून अमेरिकेच्या जनरल मोटर्सने फेब्रुवारी २००५ मध्ये फियाटला सुमारे २०० कोटी डॉलर मोजले. क्षणभर विचार करा, एखादी कंपनी आपल्या गळ्यात पडू नये म्हणून कुणी एवढी रक्कम देतो! अशा वेळी कंपनीला आठवली ती आपली सर्वात लाडकी लेक.

मार्च २००४ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ‘त्रेपियुनो’ नावाची नमुना मोटार ठेवली होती. अर्थ ‘तीन अधिक एक’, म्हणजे चौथ्याने अवघडून बसायचे. तिचा शिल्पकार रोबेर्तो जोलितो. तिला मिळालेला प्रतिसाद पाहून तीन वर्षांत ती रस्त्यावर आणली गेली. अभिकल्प विभागाचे प्रमुख होते फ्रँक स्टीफन्सन. नव्या मिनीचे रेखाटन करणारे तेच.

नवी ५०० आणि जुनी ५०० शेजारी उभ्या करा. गोल दिवे तेच, पुढच्या बोधचिन्हाच्या दोन्ही अंगांना चकाकत्या पट्टीच्या मिशा त्याच, छपराचा उतार तोच. आत पाहिले तर डॅशबोर्ड बाहेरच्या रंगाचा. जुन्या मोटारीत तो तसा होता, कारण तो उघडा पत्राच होता. वर आच्छादन घालायला पैसे नव्हते. नव्या मोटारीत तोच रंग मुद्दाम, जादा खर्च करून दिला. बाकी सारे उलटे. इंजिन मागून पुढे आले, हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले, ओढ मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना मिळाली. लांबी २.९७ वरून ३.५५ मीटरवर गेली. सांगाडा २००३ च्या पांडाचा, ७ एअरबॅगा, युरोपीय सुरक्षा चाचणीत ५ तारे. ‘दोप्पिएत्ता’ची विद्या कामाची उरली नाही, उलट शहरातील वळणांसाठी सुकाणू हलके करणारे एक बटण आले. मागच्या आसनावर मोठ्या माणसाचे गुडघे आजही अडकतात, परंपरा पाळली गेली आहे असे म्हणू.

आणि ग्राहक? १९५७ च्या ग्राहकाला निवड फारशी नव्हती. २००७ च्या ग्राहकाला रंग, पट्टे, चाके, आसने यांच्या ५ लाखांहून अधिक जुळण्या शक्य असल्याचे कंपनी सांगत होती. जुनी मोटार अनेकांच्या घरातली पहिली होती; नवी पुष्कळदा दुसरी असते. औषध लागू पडले. २००८ च्या ‘युरोपियन कार ऑफ द इयर’चा मान मिळाला आणि जुलै २०१७ पर्यंत २० लाख मोटारी तयार झाल्या.

आता त्या स्कूटरवरच्या कुटुंबाकडे परतू या.

जानेवारी २००८. दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटा यांनी नॅनो सादर केली. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे ते सांगत. दोन सिलिंडर, इंजिन मागे, ६२४ घनसेंटीमीटर, लांबी ३.१ मीटर, किंमत १ लाख रुपये हे लक्ष्य. अभिकल्पाचे बरेच काम पुण्यात झाले आणि बाह्यरूपासाठी मदत घेतली ती तुरिनच्या एका अभिकल्प संस्थेची. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नवी फियाट ५०० भारतात आली. पूर्ण आयात केलेली, किंमत १५ लाखांच्या आसपास.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच बाजारात, १९५७ च्या मोटारीचे दोन वारस उभे होते. एकीने आईचा चेहरा घेतला होता, दुसरीने आईचे काम. जाकोसा (तो १९९६ साली वारला) दोघींसमोर उभा राहिला असता तर कोणत्या मोटारीचे मागचे झाकण आधी उघडून पाहिले असते, याबद्दल मला शंका नाही. पण नॅनोचे मागचे झाकण उघडतच नव्हते, हीच तर अडचण होती.

नॅनोची चूक १९५७ चीच होती. ‘जगातील सर्वात स्वस्त मोटार’ ही ओळख वर्तमानपत्रांना आवडली. ज्याने ती घ्यायची त्याला आवडली नाही. सिंगूरचा तंटा, काही मोटारींना लागलेल्या आगी आणि वाढलेली किंमत ही कारणे आहेतच. पण शेजाऱ्याने काय म्हणावे, हा प्रश्न मला सर्वात जड वाटतो. फियाटने काचा, गादी आणि चकाकी त्याच वर्षी दिली. नॅनोचे मागचे दार उघडू लागायला २०१५ उजाडले. तोवर ओळख घट्ट बसली होती. २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबले. इतिहासातून धडे मिळतात, असे आपण परीक्षेत लिहितो. इथे धडा तुरिनच्या दप्तरात ५० वर्षे पडून होता आणि मदतनीसही तुरिनचेच होते, तरी तो कुणी वाचला नाही.

लक्षात ठेवायला सांगितलेली दोन गावे आता उघडू. नवी ५०० युरोपसाठी कुठे बनली? इटलीत नव्हे, पोलंडमधील तिखी येथे. सोहळ्यात तिरंगी झेंडे इटलीचे होते. मोटार पोलिश हातांची होती. यात काहींना विश्वासघात दिसला. मला उलट वाटते. ज्या कारखान्याने ‘मालुख’च्या रूपाने जाकोसाचे यंत्र पिढीभर जपले, त्याचाच या मोटारीवर अधिक हक्क होता. पण जाहिरातीत तिखीचे नाव कुठे आले नाही. आणि तेर्मिनी इमेरेसे? जिथे शेवटची जुनी ५०० जोडली गेली, तो सिसिलीतील कारखाना फियाटने २०११ अखेर बंद केला. त्या वेळी तिथे लान्चिया इप्सिलॉन तयार होत असे. तिचे नवे रूप तिखीला गेले. नव्या ५०० ची कीर्ती त्या वर्षी शिखरावर होती.

२०१७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६८ च्या घडणीची एक ५०० आपल्या संग्रहात घेतली. २०२० साली ५०० तिसऱ्यांदा जन्मली, या वेळी विजेवर, आणि पुन्हा मिराफिओरीत. २०२४ मध्ये मागणीअभावी तिचे उत्पादन अनेक आठवडे थांबवावे लागले. लिंगोत्तो या फियाटच्या जुन्या कारखान्याच्या छपरावर एकेकाळी मोटारींच्या चाचणीसाठी धावपट्टी होती. २०२१ पासून तिथे ४० हजार झाडांची बाग आहे आणि खाली ५०० ला वाहिलेले एक छोटे संग्रहालय आहे.

आणि इकडे, ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे उतरली. शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीचे आयुर्मान २० वर्षे. त्या महिन्यात मी मुद्दाम शोधून एका पद्मिनीत बसलो. दादरपासून भायखळ्यापर्यंत. दार दोनदा आपटल्याशिवाय लागले नाही. चालककाका साठीचे होते. गेल्या आठवड्यात तीस-चाळीस जणांनी गाडीचे फोटो काढले, पण त्यांतले बसले चौघे, असे त्यांनी हिशेब करून सांगितले. बाकीचे फोटो काढून मागच्या एसीच्या गाडीत बसत. उतरताना मीही फोटो काढला. त्यांनी आधी मीटरकडे बोट दाखवले.